थरकाप आधी, की भीती आधी?

भावना मेंदूत कशी निर्माण होते, या प्रश्नाला मानसशास्त्राकडे एकच एक उत्तर नाही. चार-पाच उत्तरे आहेत आणि ती एकमेकांशी भांडतात. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत हे भांडण दिसत नाही. तिथे जेम्स-लँग, कॅनन-बार्ड, शॅक्टर-सिंगर अशा जोड्या एकाखाली एक येतात, प्रत्येकीच्या वाट्याला अर्धे पान येते, विद्यार्थी बाणांच्या आकृत्या पाठ करतो आणि पाच गुणांचा प्रश्न सोडवून मोकळा होतो. तो बाण कोणी, कोणाचे म्हणणे खोडायला काढला होता, हे त्याला कधी कळतच नाही. हे पुस्तक त्या भांडणाचे आहे आणि त्याची सुरुवात मी औसा तालुक्यातून करतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हादरली. गणपती विसर्जन आटोपून गावे दमून झोपली होती. सहाहून थोड्या अधिक तीव्रतेचा हा धक्का जगाच्या मोजमापात फार मोठा नव्हे. पण त्याचे केंद्र उथळ होते आणि वर घरे होती ती मातीत रचलेल्या जाडजूड दगडी भिंतींची. त्यांवर लाकडी तुळया आणि मातीचे जड माळवद. काही सेकंदांत लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातली सुमारे आठ हजार माणसे गेली. ५२ गावे जुनी जागा सोडून नव्याने वसवावी लागली. वाचलेल्यांच्या मनाचे काय झाले, याची तपासणी डॉक्टरांनी केली. १९९६ साली अमेरिकेच्या एका मान्यवर मनोविकार नियतकालिकात आलेल्या प्राथमिक अहवालानुसार तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक जणांत मानसिक आजाराचे निदान झाले. त्यात आघातोत्तर ताण आणि नैराश्य हे दोन प्रमुख.

सगळ्या भावनांतून मी भीतीच का निवडली, याचे एक कारण हे. दुसरे कारण कोरडे आहे: प्रयोगशाळेत सगळ्यांत जास्त काम भीतीवरच झाले. उंदराला घाबरवता येते. त्याला मत्सर किंवा लाज वाटायला लावणे अवघड. त्यामुळे सिद्धान्तांची खरी झुंज भीतीच्याच मैदानात झाली आणि इतर भावनांबद्दलची बरीचशी विधाने तिथून उसनी घेतलेली आहेत. वाचकाने हे पुस्तकभर ध्यानात ठेवावे.

आधुनिक काळातला पहिला गाजलेला सिद्धान्त विल्यम जेम्सचा. १८८४ साली ‘माइंड’ या नियतकालिकात त्याने नेहमीची समजूत उलटी केली. अस्वल दिसले, भीती वाटली, म्हणून आपण पळालो, असे आपण म्हणतो. जेम्स म्हणाला, अस्वल दिसताच शरीर आधी हलते, छाती धडधडते, पाय पळतात. या हालचालींची मेंदूला होणारी जाणीव म्हणजेच भीती. थरकाप आधी, भीती नंतर. पुढच्याच वर्षी डेन्मार्कच्या कार्ल लँगने स्वतंत्रपणे जवळपास हेच मांडले, म्हणून ती जोडी.

आता पुस्तकांत सहसा न येणारी गोष्ट. हाच जेम्स पुढे स्वतः एका मोठ्या भूकंपात सापडला. १८ एप्रिल १९०६ ला सॅन फ्रान्सिस्को उद्ध्वस्त झाले, तेव्हा तो जवळच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात पाहुणा प्राध्यापक म्हणून राहत होता. पहाटे तो अंथरुणात जागाच होता आणि खोली गदागदा हलू लागली, सामान कोसळले. त्याला काय वाटले? त्याच वर्षी लेख लिहून त्याने सांगितले: निव्वळ आनंद आणि कौतुक. भीती औषधालाही नव्हती. कॅलिफोर्नियाला निघताना एका मित्राने गमतीने म्हटले होते की तिथे तुला भूकंपाचाही अनुभव मिळो. खोली हलताच जेम्सच्या मनात आले, हाच तो मित्राने सांगितलेला भूकंप!

किल्लारीच्या माणसाला हे वाचून राग आला तर मी त्याला दोष देणार नाही. जेम्सचे घर लाकडी होते, ते हलले पण पडले नाही. त्याच्या अंगावर माळवद आले नाही, त्याचे कोणी ढिगाऱ्याखाली नव्हते. पण शास्त्राच्या दृष्टीने मुद्दा नेमका तोच आहे. जमीन हलली, शरीर हलले, आणि एका माणसात त्यातून उल्हास उपजला. शरीराची थरथर हीच भीती असेल, तर हे व्हायला नको होते. जेम्सचा बचाव करणारे म्हणतील की उल्हासाची थरथर वेगळी आणि भीतीची वेगळी. असेलही. पण प्रत्येक भावनेची स्वतःची वेगळी शारीरिक खूण आहे का, हे अनेक दशके मोजूनही सर्वमान्य झालेले नाही. माझ्या मते जेम्सच्या सिद्धान्ताला सर्वांत अवघड प्रश्न त्याच्याच या छोट्या लेखाने विचारला आहे.

ते श्रेय सहसा हार्वर्डच्या वॉल्टर कॅननला दिले जाते. १९२७ साली त्याने जेम्सवर टीकेचा भडिमार केला. मांजरांच्या आतड्या-हृदयाकडे जाणाऱ्या नसा तोडल्या तरी कुत्रा समोर येताच ती फिस्कारतातच. आतले अवयव फार मंद, भावना मात्र क्षणात येते. आणि तापात, थंडीत, भीतीत, रागात छातीची धडधड सारखीच. त्याचा विद्यार्थी फिलिप बार्डने दाखवले की मेंदूचा वरचा थर काढला तरी मांजर क्रुद्ध होते. हायपोथॅलॅमस हा खालचा भाग शाबूत असला की पुरे. इथून ‘भावनेचे मेंदूतले ठिकाण’ शोधायची शर्यत सुरू झाली. १९३७ साली पापेझने एक वर्तुळाकार मार्ग सुचवला, १९५२ साली मॅक्लीनने त्याला ‘लिंबिक यंत्रणा’ म्हटले. ही कल्पना इतकी सुटसुटीत होती की आजही शिबिरांतून आणि व्याख्यानांतून ‘सरपटणारा मेंदू, सस्तन मेंदू, माणसाचा मेंदू’ असे तीन मजले सांगितले जातात. मेंदूची उत्क्रांती तशी मजल्यामजल्याने झालेली नाही, हे आता जीवशास्त्रज्ञांना पक्के ठाऊक आहे. ज्या वाचकाने हे तीन मजले कुठे ऐकले असतील, त्याने ते खुशाल विसरावेत.

पुढचा टप्पा मला विशेष जवळचा वाटतो, कारण त्याची एक मुळी भारतात आहे. १५ जानेवारी १९३४ च्या बिहार भूकंपानंतर जमुना प्रसाद या अभ्यासकाने अफवा गोळा केल्या. धक्के जाणवले पण पडझड झाली नाही, अशा भागांत लोक एकमेकांना आणखी भयंकर संकटांच्या वार्ता सांगत होते: पुन्हा प्रलय येणार, अमुक दिवशी सगळे बुडणार. १९३५ साली हा अभ्यास ब्रिटिश नियतकालिकात छापून आला. दोन दशकांनी अमेरिकेचा लिऑन फेस्टिंगर त्यावर अडखळला. घाबरलेली माणसे आणखी घाबरवणाऱ्या गोष्टी का पसरवतील? त्याला उत्तर सुचले ते असे: या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या, आधीच वाटत असलेल्या भीतीला कारण पुरवत होत्या. अंग थरथरत होते आणि डोळ्यांसमोर सगळे जागच्या जागी होते. मग थरथरीला शोभेलसे संकट उभे करावे लागले. दार्जिलिंगच्या भूस्खलनानंतर दुर्गानंद सिन्हा यांनी केलेल्या अभ्यासात उलटे दिसले. तिथे लोकांच्या डोळ्यांसमोर खरा विध्वंस होता. वाढीव अफवांची गरजच पडली नाही. १९५७ च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात फेस्टिंगरने हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले.

फेस्टिंगरच्या हाताखाली तयार झालेला स्टॅन्ली शॅक्टर हीच कल्पना पुढे प्रयोगशाळेत घेऊन गेला. १९६२ साली त्याने आणि जेरोम सिंगरने विद्यार्थ्यांना ‘जीवनसत्त्व’ म्हणून अॅड्रेनॅलिन टोचले. काहींना सांगितले की छाती धडधडेल, हात कापतील. काहींना काहीच सांगितले नाही. मग प्रत्येकाच्या खोलीत एक नट सोडला, कधी बागडणारा, कधी चिडलेला. ज्यांना धडधडीचे कारण माहीत नव्हते, ते नटाच्या भावनेकडे अधिक झुकले असे त्यांनी मांडले. म्हणजे शरीर फक्त उसळी देते, तिला आनंद म्हणायचे की राग, हे प्रसंगावरून ठरते. प्रयोग कल्पक होता, निकाल मात्र तितका भक्कम नव्हता. १९७९ मध्ये तो पुन्हा करून पाहणाऱ्यांना दिसले की कारण न कळलेली धडधड माणसाला बहुधा अस्वस्थच करते, खोलीत कोणीही नाचत असले तरी. नेहमीच्या पाठ्यपुस्तकांत हा उत्तरार्ध क्वचितच सापडतो.

नांदेड-लातूरच्या वाचकाला हे सगळे ओळखीचे वाटेल. नांदेड शहराच्या काही वस्त्यांत २००७ नंतर काही वर्षे जमिनीखालून गूढ आवाज येत, लहान धक्के बसत. भूकंपशास्त्रज्ञांनी त्या धक्क्यांची नोंद घेऊन अभ्यास केला. २०२२ च्या सप्टेंबरात निलंगा तालुक्यातल्या हासोरीत तसेच आवाज आले. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोलीत केंद्र असलेले साडेचार तीव्रतेचे धक्के नांदेडपर्यंत जाणवले. असे झाले की फोन खणखणू लागतात, व्हॉट्सअॅपवर ‘रात्री दोन वाजता मोठा येणार’ असे संदेश फिरतात. ते पाठवणाऱ्यांना आपण अडाणी म्हणतो. जमुना प्रसादांच्या पाटण्याकडच्या अभ्यासानंतर तसे म्हणणे अवघड आहे.

लातूरच्या शिकवणी वर्गांतल्या मुलामुलींसाठीही यात एक उपयोगी गोष्ट आहे. परीक्षेआधी होणारी धडधड थांबवायचा आटापिटा करण्यापेक्षा ‘हे शरीर कामाला लागल्याचे लक्षण’ असा तिचा अर्थ लावला, तर काही प्रयोगांत गणिताची कामगिरी सुधारलेली दिसली. परिणाम मोठा नाही आणि अभ्यासाला पर्याय तर मुळीच नाही.

ऐंशीच्या दशकापासून उंदरांवरच्या कामाने पारडे पुन्हा मेंदूकडे झुकवले. न्यू यॉर्कच्या जोसेफ लेडूने उंदराला एक आवाज ऐकवला आणि लगेच विजेचा हलका झटका दिला. काही वेळांतच नुसत्या आवाजाने उंदीर थिजू लागला. हा धडा मेंदूत कुठे नोंदला जातो, याचा माग काढत तो बदामाच्या आकाराच्या अमिग्डालापर्यंत पोहोचला. १९९६ च्या पुस्तकात त्याने दोन वाटा सांगितल्या: एक आखूड, कानाकडून आलेली खबर वरच्या मेंदूला न विचारता थेट अमिग्डालाला नेणारी, दुसरी लांब, वरच्या थरांतून ओळख पटवून येणारी. पहिल्या वाटेवर आपण दचकतो, दुसरीवर कळते की दाणकन वाजले ते दार होते.

भीती अशी एखाद्या गोष्टीला जोडली जाते, हे किल्लारीनंतरच्या पुनर्वसनात मोठ्या प्रमाणावर पाहायला मिळाले. अभियंते सांगत होते की नीट बांधलेली, साखळदगड आणि पट्टे घातलेली दगडी भिंत भूकंपातही टिकते. दगड जवळचा, स्वस्त, उन्हाळ्यात थंड. लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. ज्या भिंतींनी पिढ्यान्पिढ्या ऊन अडवले, त्या भिंतींचीच धास्ती बसली होती; पत्र्याच्या शेडमध्ये उकाडा सहन करणे परवडले. हा अडाणीपणा नव्हता. एका रात्रीत एका वस्तूला जोडली गेलेली भीती होती ती, आणि सिमेंटच्या शास्त्रापेक्षा ती बलवत्तर ठरली. भीती पुसली जात नाही, हेही लेडू आणि इतरांच्या प्रयोगांनी दाखवले. झटका न देता आवाज वारंवार ऐकवला की उंदीर थिजायचे थांबतो; पण जुना धडा तिथेच असतो, मेंदूच्या पुढच्या भागाने त्यावर केवळ दाब ठेवलेला असतो. एक नवा झटका बसला की तो वर येतो. हिंगोलीच्या साडेचारच्या धक्क्याने तीस वर्षांनी लातूरची माणसे उठून अंगणात का येतात, याचे इतके साधे स्पष्टीकरण मला दुसऱ्या सिद्धान्तात सापडले नाही.

मग अमिग्डाला म्हणजे भीतीचे घर, असे म्हणायचे का? वर्तमानपत्रांनी तसेच म्हटले. पण अमेरिकेत एक रुग्ण आहे, शास्त्रीय लेखनात एस. एम. या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी. दुर्मीळ आजारात तिचे दोन्ही अमिग्डाला नष्ट झाले. सापाला ती कुतूहलाने हात लावते, भुताच्या वाड्यात हसते. २०१३ साली तिला कार्बन डायऑक्साइड मिसळलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा मात्र ती भयाने कोलमडली. बाहेरून येणारा धोका तिला घाबरवत नव्हता, आतून आलेल्या गुदमरीने घाबरवले. स्वतः लेडू आता म्हणतो की अमिग्डालाला भीतीचे केंद्र म्हणणे चूक. ते बचावाचे यंत्र आहे, आणि ‘मला भीती वाटते’ ही जाणीव वरच्या मेंदूत वेगळी घडते. आपल्याच नावावर गाजलेले विधान असे मागे घेणारे शास्त्रज्ञ थोडे.

लेडूचे हे म्हणणे याक पँकसेपला कधी पटले नाही. २०१७ मध्ये वारलेल्या पँकसेपने आयुष्य प्राण्यांच्या भावनांवर घालवले. गुदगुल्या केल्यावर उंदीर आपल्याला न ऐकू येणाऱ्या उंच आवाजात ‘हसतात’, हे त्याने दाखवले. मेंदूच्या अगदी खोल भागांत राग, भय, माया, विरह, खेळ अशा सात यंत्रणा सस्तन प्राण्यांत जन्मजात असतात आणि प्राण्यांना त्या भावना खरोखर जाणवतात, असा त्याचा दावा. पोळ्याला बैलाची खांदेमळणी करणारा आपला शेतकरी या वादात कोणाच्या बाजूने उभा राहील, हे सांगायला नको. मीही थोडा त्याच बाजूचा आहे. पण बैलाला काय जाणवते हे त्याच्या थरथरीवरून सिद्ध होत नाही, हा लेडूचा आक्षेप मला टाळता आलेला नाही.

आणि या सगळ्यांना एकदम छेद देणारी लिसा फेल्डमन बॅरेट. २०१७ च्या तिच्या पुस्तकाने गेल्या काही वर्षांतला सगळ्यात मोठा वाद पेटवला. तिच्या मते मेंदूत भीतीची तयार यंत्रणा शोधणेच व्यर्थ. मेंदू सतत अंदाज बांधतो: शरीराला पुढच्या क्षणी काय लागेल, बाहेर काय घडेल. पूर्वीचे अनुभव, समाजाने शिकवलेल्या कल्पना, शरीरातून येणाऱ्या खबरी यांतून तो त्या क्षणाची भावना तिथल्या तिथे घडवतो. जेम्सच्या मनात मित्राने ‘भूकंप’ आधीच पेरून ठेवला होता, म्हणून त्याला तो ओळखीचा पाहुणा वाटला, हे बॅरेटला फार सोयीचे उदाहरण. तिची मांडणी मला भावनांच्या विविधतेबद्दल पटते, पण कवटीत खोलवर वीज सोडली की उंदीर पळत सुटतो, याचे तिच्याकडचे उत्तर मला अपुरे वाटते.

भावना जन्मजात की प्रसंगातून घडलेल्या, हा वाद आला की नांदेडचा एक माणूस आठवणे भाग आहे. पीपल्स कॉलेजचे प्राचार्य नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) हे भरताच्या नाट्यशास्त्राचे अभ्यासक. भरताने आठ स्थायी भाव सांगितले: रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा, विस्मय. पॉल एकमनने न्यू गिनीतल्या लोकांना छायाचित्रे दाखवून ज्या सहा मूलभूत भावना ठरवल्या, त्या सहाही या यादीत बसतात. हे कळले की आपल्याकडे लगेच ‘आमच्याकडे हे आधीच होते’ सुरू होते. पण तोच भरत म्हणतो की विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगावाचून रस नाही. म्हणजे प्रसंगाशिवाय काही नाही. एकमनला भरत हवा असेल तर बॅरेटलाही तो मिळेल. नाट्यशास्त्र रंगभूमीसाठी लिहिलेले आहे, मेंदूबद्दल त्यात एक अक्षर नाही. त्याचा मान ठेवायचा तर त्याला त्याच्याच प्रश्नांची उत्तरे देऊ द्यावीत.

रंगभूमी आणि मेंदू एकाच माणसात पाहायचे असतील, तर डॉ. मोहन आगाशे आहेत. ‘घाशीराम कोतवाल’मधले नाना फडणवीस म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखतो, पण ते मनोविकारतज्ज्ञ, आणि भूकंपग्रस्तांच्या मानसिक आरोग्याच्या गरजांवर झालेल्या संशोधनात त्यांचा पुढाकार होता. राग नसताना राग दाखवणारा आणि भीती लपवणाऱ्यांत ती ओळखणारा, अशी दोन्ही कामे एकाच माणसाने केली. यातले काय अभिनयाने घडते आणि काय आतून येते, या प्रश्नावर त्यांच्यासारख्यांनी सविस्तर लिहावे, असे मला नेहमी वाटते.

वाद इतका पेटलेला असताना गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरने काय करावे? बाई येऊन सांगते, छातीत धडधडतं, हातपाय गळतात, रात्री दार लावलं की जीव घाबरतो. जेम्सचा चाहता तिला श्वासाचे व्यायाम सांगेल. लेडूचा वाचक तिला हळूहळू बंद दाराची सवय लावेल. बॅरेट मानणारा विचारेल की दार लावल्यावर तिच्या मनात कोणत्या रात्रीचा अंदाज येतो. तिन्ही उपाय काहींना गुण देतात आणि कोणताही सगळ्यांना देत नाही. म्हणून या पुस्तकात मी विजेता जाहीर केलेला नाही. लेडूने केलेली फोड, बचावाची यंत्रणा वेगळी आणि जाणवणारी भीती वेगळी, मला आज सगळ्यांत उपयोगी वाटते. नव्या प्रयोगांनी ती उद्या मोडली, तर पुढच्या आवृत्तीत तसे लिहीन.

वाचकांना एक विनंती. किल्लारी, सास्तूर आणि आसपासच्या गावांत त्या रात्री जे कळते-सवरते होते, त्यांतले बरेच आता साठी-सत्तरीत आहेत. त्या पहाटे आधी काय जाणवले, आवाज, हादरा की छातीतली धडधड, आणि ‘भूकंप’ हा शब्द डोक्यात कधी आला, हे त्यांच्याखेरीज कोणी सांगू शकणार नाही. आजी-आजोबा आपणहून बोलत असतील तर त्यांच्याच बोलीत ते लिहून ठेवा. बोलत नसतील तर खोदून खोदून विचारू नका. आघात झालेल्याला जबरीने बोलते केले तर फायदा होत नाही आणि कधी त्रास वाढतो, हे संशोधनाने दाखवलेले आहे.